क जीवनसत्त्व: एकाच घरात एकाला जास्त झाले आणि दुसऱ्याला कमी पडले, असे होऊ शकते का?

शेवंती

सर्वांना नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत आमच्या कुटुंबात दोन अशा गोष्टी घडल्या आहेत की क जीवनसत्त्वाबद्दल नेमके काय समजावे, हेच मला कळेनासे झाले आहे.

२०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा आमच्याकडे ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या आल्या आणि त्या पुढे कधी बंद झाल्याच नाहीत. माझे यजमान रोज दोन गोळ्या घेतात आणि सर्दीची चाहूल लागली की तीन-चार. मागच्या महिन्यात त्यांना मुतखड्याचा त्रास झाला. पडलेला खडा तपासला तेव्हा तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला आणि डॉक्टरांनी पहिली सूचना केली ती या गोळ्या थांबवण्याची.

दुसरीकडे माझे वडील. वय ७४. दीड वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून ते वाई तालुक्यातील आमच्या गावी एकटेच राहतात. सकाळी चहा आणि खारी, दुपारी डाळभात, रात्री दूधभाकरी, असा त्यांचा क्रम ठरून गेला आहे. भाजी निवडण्या-चिरण्याचा त्यांना कंटाळा येतो, आणि काही दात हलत असल्याने कच्चे ते काही खात नाहीत. तंबाखूची सवय जुनी आहे. मागच्या भेटीत माझ्या लक्षात आले की दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, नडग्यांवर काहीही न लागता काळेनिळे डाग पडले आहेत आणि विहिरीपर्यंत चालत गेले तरी ते थकून बसतात. ते स्वतः हे सारे वयावर टाकतात. शेजारच्या बाईंनी मात्र क जीवनसत्त्व कमी पडले असावे, असे सांगितले.

ज्या गावात दारोदारी पेरूची आणि लिंबाची झाडे आहेत, तिथे असे खरोखर होऊ शकते का? यजमानांच्या उरलेल्या गोळ्या वडिलांना द्याव्यात का? आणि माणसाला रोज हे जीवनसत्त्व लागते तरी किती?

कोयनाकाठ (वैद्यकीय व्यवसाय, सातारा जिल्हा)

शेवंतीताई, आधी एक विनंती करतो. येथे उत्तरे जमा होण्याची वाट न पाहता वडिलांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. हिरड्यांतून रक्त येण्याची आणि अंगावर डाग पडण्याची कारणे बरीच आहेत. हिरड्यांचा साधा आजार असू शकतो, प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, यकृताचा विकार असू शकतो, आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचाही तो परिणाम असू शकतो. हे सारे तपासल्याशिवाय एका जीवनसत्त्वावर बोट ठेवणे योग्य होणार नाही.

तरीही तुम्ही वर्णन केलेला आहार आणि लक्षणे शेजारी शेजारी ठेवली, तर स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाची, शंका यायलाच हवी. हा जुन्या जहाजांवरचा रोग आहे आणि तो आता पुस्तकातच उरला आहे, ही समजूत आम्हा डॉक्टरांमध्येही आढळते आणि त्यामुळेच निदानाला उशीर होतो. साठ वर्षांवरील भारतीयांच्या रक्ताची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतातील सुमारे ७४ टक्के आणि दक्षिण भारतातील सुमारे ४६ टक्के ज्येष्ठांमध्ये क जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. तंबाखूचा वापर आणि घरातील चुलीचा धूर यांचा या कमतरतेशी संबंधही त्यात दिसला होता. कमतरता असलेल्या प्रत्येकाला स्कर्व्ही होते असे नाही. पण कड्याच्या किती जवळ आपले वृद्ध उभे आहेत, हे त्यावरून समजते.

लक्षणे अशीच का दिसतात, हे समजून घेतले तर पुढचे सोपे होईल. त्वचा, हिरड्या, हाडे आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना धरून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन तीन पदरी दोरासारखे पिळलेले असते. हा पीळ टिकावा म्हणून त्याच्या पदरांतील प्रोलिन आणि लायसिन या घटकांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसवावी लागते. ती बसवणाऱ्या विकरांच्या गाभ्यात लोह असते, आणि ते लोह काम करण्याजोग्या स्थितीत ठेवणे ही क जीवनसत्त्वाची कामगिरी आहे. ते नसेल तर दोर वळला जातो, पण त्याचा पीळ सैल राहतो. मग बारीक रक्तवाहिन्या थोड्याशा दाबानेही फुटतात, हिरड्या सुजतात, जखमा भरत नाहीत. नडग्यांवर डाग पडतात, कारण उभ्या माणसाच्या पायांतील रक्तवाहिन्यांवर दाब जास्त असतो. याखेरीज चरबीपासून ऊर्जा मिळवण्यासाठी लागणारे कार्निटिन आणि मज्जासंस्थेतील नॉरअॅड्रिनॅलिन तयार होतानाही याच जीवनसत्त्वाची गरज असते. म्हणून डाग दिसण्याच्या कितीतरी आधी थकवा आणि उदासपणा येतो, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत घरचे लोक तो दुःखाचा किंवा वयाचा परिणाम मानून सोडून देतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे दुःखही खरे आहे, म्हणून अधिक सावध राहावे लागेल.

गाय, बकरी, कुत्रा हे प्राणी आपल्या यकृतात ग्लुकोजपासून हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचे जनुक आपल्या पूर्वजांमध्ये फार पूर्वी निकामी झाले. शिवाय आपण त्याचा मोठा साठाही करू शकत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरात ते सुमारे १५०० मिलिग्रॅम असते, रोज त्यातील तीनेक टक्के खर्च होते, आणि साठा ३०० ते ३५० च्या खाली गेला की लक्षणे दिसू लागतात. आहारात ते जवळजवळ नसेलच, तर एक ते तीन महिन्यांत ही वेळ येते.

डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांना वडिलांचा आहार आणि तंबाखू यांविषयी आपण होऊन सांगा. पायावरील केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके आहेत का आणि तेथील केस स्क्रूसारखे वळलेले आहेत का, हे पाहण्याची विनंती करा, कारण ही खूण बरीचशी या रोगाचीच असते.

यजमानांविषयी सांगायचे तर त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सात निरोगी तरुणांवर केलेला एक काटेकोर अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की २०० मिलिग्रॅमची मात्रा जवळजवळ पूर्ण शोषली जाते, पण एक ग्रॅमच्या पुढे निम्म्याहून कमी, आणि रक्तात आलेले जादा जीवनसत्त्व मूत्रपिंडे बाहेर टाकतात. शरीरात त्याचा काही भाग मोडून ऑक्झलेट तयार होते. ज्यांच्या मूत्रपिंडात खडे होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्यासाठी रोजचा एक ग्रॅम हा निष्कारण ओढवलेला धोका आहे. स्वीडनमधील पुरुषांच्या एका दीर्घ पाहणीत या गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. फळांतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाबाबत मात्र यजमानांनी भीती बाळगू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेली रोजची मात्रा प्रौढ पुरुषासाठी ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम आहे. गरोदरपणी ती ८० आणि स्तनपानाच्या काळात ११५ होते. तंबाखू ओढणाऱ्यांना याहून जास्त लागते.

माधुकरी (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)

डॉक्टरांनी सांगितलेला तो तीन महिन्यांचा हिशेब इतिहासात एके ठिकाणी अगदी स्पष्ट दिसतो, आणि ती जागा आपल्याच किनाऱ्यावर आहे. वास्को द गामा १४९८ च्या ऑक्टोबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारा विरुद्ध होता. आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला, म्हणजे जवळपास तीन महिने. तेवढ्या प्रवासात हिरड्या सुजून त्याची तीस माणसे मेली आणि एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच खलाशी उरले. शरीरातला साठा जितके दिवस पुरतो, तितक्याच दिवसांचा तो समुद्र होता.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील शल्यवैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून त्यांना सायडर, व्हिनेगर, समुद्राचे पाणी असे निरनिराळे उपाय दिले, आणि ज्या जोडीला संत्री व लिंबू मिळाले तीच झपाट्याने बरी झाली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. लिंबाचा रस दूरच्या प्रवासात टिकावा म्हणून लिंडने तो तापवून आटवण्याची कृती सुचवली आणि त्या आचेत नेमके हवे ते द्रव्य बरेचसे नाहीसे झाले. औषध हाती येऊनही स्वयंपाकाच्या कृतीत ते हरवले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ नंतर.

पण शेवंतीताईंच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रसंग मला वाटतो तो कुत-अल-अमाराचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील या गावी जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्की सैन्याने ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढले होते. आत अडकलेल्यांत १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची आपली माणसे. वेढा लांबला तसे दोन वेगळे रोग दोन वेगळ्या रांगांत पसरले. गोरे सैनिक मैद्याच्या पावावर होते, त्यांना बेरीबेरी, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाली. भारतीय सैनिकांचे पीठ कोंड्यासहित होते आणि जोडीला डाळ होती, म्हणून बेरीबेरी त्यांच्यापासून दूर राहिली. पण ताजी भाजी संपली होती आणि घोड्याचे मांस त्यांच्यातील बहुतेकांनी धर्मभावनेमुळे दीर्घकाळ नाकारले, त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडेच असते, पण त्या थोड्याने गोऱ्या सैनिकांना या एका रोगापासून वाचवले. भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली तरी माणूस या रोगाने आजारी पडू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. तुमच्या वडिलांचे ताट त्या वेढ्यातल्या ताटाच्या फार जवळ आले आहे, हे मी काळजीपोटीच लिहीत आहे.

यावरचा उपाय लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला, आणि तो आपल्या घरोघरी आधीपासूनच होता. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण ते भिजवून त्याला मोड आणले की बी स्वतःच ते तयार करू लागते. अट एवढीच की कडधान्य अखंड हवे. भरडलेल्या डाळीतला अंकुर तुटलेला असतो, ती कितीही भिजवली तरी तिला मोड येत नाहीत. म्हणूनच वरण रोज खाऊनही जे मिळत नाही, ते मोडाच्या मटकीतून थोडेफार मिळते.

शेवंती

डॉक्टर आणि सर, आपले दोघांचे मनापासून आभार. परवा वडिलांना घेऊन वाईला जात आहे. सर, कुतची हकीकत वाचून मी बराच वेळ सुन्न होते; माझ्या पणजोबांचे भाऊ त्या लढाईत गेले होते, एवढेच घरात सांगत असत.

आता एक व्यवहारातली अडचण. वडिलांना चावता येत नाही आणि ते रोज नवे काही करणारही नाहीत. चिंचेचे सार त्यांना आवडते. ते आंबट असते, तर त्यातून हे जीवनसत्त्व मिळेल का?

आहारसखी (आहारतज्ज्ञ)

चिंचेने हे काम होणार नाही, ताई. आंबटपणा आणि क जीवनसत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ही गल्लत फार मोठ्या प्रमाणावर होते. चिंचेची आंबट चव टार्टारिक आम्लाची आणि कोकमाची हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाची असते. उलट गोड पेरूत आणि तिखट मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीत शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३२ च्या सुमारास हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर मिळवले ते लिंबू-संत्र्यांतून नव्हे, तर सेगेद भागातील पाप्रिका मिरचीतून. पुढे १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक, आवळ्यात सुमारे २५०, शेवग्याच्या पाल्यात १०० च्या आसपास आणि लिंबाच्या रसात ५० च्या जवळपास क जीवनसत्त्व असते. आता एका लिंबाचा रस ३०-४० मिलिलिटर निघाला, तर त्यातून १५-२० मिलिग्रॅम मिळणार. म्हणजे ज्या लिंबाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, त्याच्या एका फोडीने दिवस भागत नाही, आणि ज्या पेरूला आपण मुलांचा खाऊ समजतो, तो अर्धा खाल्ला तरी पुरून उरतो. बाजारातल्या महागड्या परदेशी फळांच्या मागे धावणाऱ्यांना हे मी अतिशय कळकळीने सांगत असते.

वडिलांना चावता येत नसेल, तर पिकलेला मऊ पेरू बिया काढून चमच्याने कुस्करून द्यावा किंवा किसावा. पपई हा त्यांच्यासाठी उत्तम पर्याय आहे. आवळ्याच्या हंगामात एक आवळा किसून, मीठ लावून दह्यात कालवला तर तो चावावाही लागत नाही.

शिजवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक नुकसान तिथे होते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, आचेने मोडते आणि हवेनेही हळूहळू नष्ट होते. भाजी चिरून मग पाण्यात घालून ठेवली, शिजवून वरचे पाणी ओतून दिले, सकाळची भाजी संध्याकाळी पुन्हा गरम केली, की प्रत्येक पायरीवर काही ना काही जाते. तांब्याच्या संपर्काने ही झीज अधिक वेगाने होते, म्हणून लिंबाचे सरबत बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात कधीही ठेवू नये. मोरावळा पाकात शिजलेला असतो. तो चवीसाठी जरूर खावा, पण ताज्या आवळ्याची बरोबरी त्याच्याकडून अपेक्षू नये. वरणभातावर लिंबू पानात बसल्यावरच पिळायचे, ही आपली जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. मटकीचेही तसेच: उसळ करायची असेल तर मोड अगदी थोडे वाफवावेत आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे.

एक गोष्ट आपण विचारली नाहीत, तरी सांगते, कारण ती तुमच्यासाठीही उपयोगी आहे. कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह आतड्यात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते लोहाचे रूप बदलून त्याला विरघळलेले ठेवते आणि शोषण वाढते. जेवणाबरोबर घेतलेला चहा याच्या नेमके उलट काम करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतात, आणि गुण येत नाही म्हणून मध्येच सोडतात. थॅलेसेमियासारख्या आजारामुळे ज्यांच्या शरीरात लोह साचते, त्यांनी मात्र क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शेवंती

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. वडिलांच्या पायांवर केसांच्या मुळाशी ठिपके होते आणि रक्ततपासणीत क जीवनसत्त्व फारच कमी निघाले. प्लेटलेट आणि यकृत ठीक आहे. हिमोग्लोबिनही कमी आहे, त्यासाठी वेगळे औषध चालू झाले आहे. डॉक्टरांनी गोळ्या महिनाभरासाठी दिल्या. चौथ्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज वेगळा वाटला. दुसऱ्या आठवड्यात हिरड्यांचे रक्त थांबले. इतके दिवस मी ज्याला म्हातारपण समजत होते, त्यातले बरेचसे त्यांच्या रिकाम्या ताटामुळे होते, हे मला फार लागले आहे. शेजारच्या बाईंकडे आता दुपारच्या जेवणाची सोय केली आहे आणि वडील तंबाखू सोडण्याचा प्रयत्न करत आहेत.

शेवटचे विचारते. महिना झाल्यावर गोळ्या चालू ठेवाव्यात का? आणि यजमान म्हणतात की गोळ्या सोडल्यापासून त्यांना सर्दीची भीती वाटते.

कोयनाकाठ

निदान वेळेत झाले, याचे समाधान वाटले. महिन्यानंतर तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील. आहार सुधारला असेल तर बहुधा गोळ्यांची गरज राहणार नाही. ते लघवी किंवा रक्तातील साखर तपासायला देणार असतील तेव्हा या गोळ्या चालू असल्याचे प्रयोगशाळेत सांगा, कारण मोठ्या मात्रेमुळे काही चाचण्यांचे निकाल चुकू शकतात.

यजमानांच्या भीतीबाबत: रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये मोठ्या मात्रेचा पुरस्कार केल्यापासून या विषयावर अनेक चाचण्या झाल्या आणि त्यांचा एकत्रित आढावा २०१३ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. झालेल्या सर्दीचा कालावधी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा खात्रीलायक फायदा दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. यजमान या गटात मोडत नसतील, तर अर्ध्या दिवसासाठी त्यांनी मूत्रपिंड पणाला लावू नये. भरपूर पाणी प्यावे आणि दुपारच्या जेवणानंतर एक पेरू खावा.

उरलेल्या गोळ्या वडिलांकडे पाठवू नका. त्यांची मात्रा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवली आहे, तीच चालू द्या.